जबल मूसा (सिनाई पर्वत): रात्रीची बस सोडा, गावात मुक्काम करा

रानवाटा (धागालेखक)

इजिप्तला जाणारे आपल्याकडचे बरेच जण शर्म अल-शेखला उतरतात, रात्री नऊ-दहाला बस धरतात, मध्यरात्रीनंतर सेंट कॅथरीनला पोचतात, अंधारात जबल मूसा (मोशेला म्हणजे मूसाला देवाकडून आज्ञा मिळाल्या तो डोंगर हाच, असं मानतात) चढतात, सूर्योदय बघतात, खाली येऊन पायथ्याच्या सेंट कॅथरीन मठात तासभर फिरतात आणि दुपारच्या जेवणाला परत समुद्रावर. एका रात्रीत सगळं उरकतं. जे असं करतात त्यांना नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही. पण तो डोंगर कुणाचा आहे, तो कुणी सांभाळला, हे अशा फेरीत नजरेलाच पडत नाही आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. अलीकडे इथे बऱ्याच जणांनी चौकशी केली, म्हणून सगळं एकत्र लिहितोय.

आधी भूगोल. सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात लालसर ग्रॅनाइटचा डोंगराळ मुलूख आहे. वाळवंट म्हटलं की वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर येतात, तसलं इथे काही नाही. उघडा कातळ, उभ्या घळी आणि घळींच्या तळाशी कोरडे ओढे, म्हणजे वादी. जबल मूसाची उंची २,२८५ मीटर. शेजारचा जबल कॅथरीना २,६०० मीटरच्या वर जातो, इजिप्तमधलं ते सर्वोच्च शिखर. मठ साधारण १,५५० मीटरवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढाई सातशे मीटरच्या आसपास भरते. बारीतून कळसूबाई करणाऱ्याला दमछाकीची भीती नको. त्रास देते ती कोरडी हवा, आणि हिवाळ्यात थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, कधी कधी बर्फही पडतो.

वाटा दोन. उंटांची वाट रुंद, वळणावळणाची, सौम्य चढाची. एकोणिसाव्या शतकात इजिप्तचा शासक अब्बास पाशा याच्या काळात ती झाली. त्याच्याविषयी गावात एक गोष्ट सांगतात. त्याला क्षय होता, कोरडी हवा हवी होती, म्हणून वेगवेगळ्या डोंगरांवर मांसाचे तुकडे टांगले आणि जिथलं मांस सगळ्यात उशिरा नासलं तिथे महाल बांधायला काढला. गोष्टीचं काय ते असो, महालाच्या अर्धवट भिंती मात्र शेजारच्या डोंगरावर आजही उभ्या आहेत. १८५४ मध्ये तो गेला आणि काम तिथेच थांबलं.

दुसरी वाट पायऱ्यांची. मठाच्या मागून थेट घळीत शिरते. एका साधूने प्रायश्चित्त म्हणून ती रचली अशी परंपरा आहे. माथ्यापर्यंत ३,७५० पायऱ्या मोजतात. पायऱ्या म्हणजे घाटासारख्या घडीव नव्हेत. मिळेल तो कातळाचा तुकडा लावलेला, एखादी वीतभर, पुढची एकदम गुडघ्याइतकी. वाटेत दगडी कमानी लागतात. त्यातल्या एकीत सहाव्या शतकात स्टीफन नावाचा साधू बसायचा, वर जाणाऱ्या यात्रेकरूचं पापनिवेदन ऐकायचा आणि मगच त्याला पुढे सोडायचा. त्याचा सांगाडा झगा चढवून मठाच्या अस्थिगृहात आजही बसवलेला आहे, आणि आजूबाजूला शेकडो साधूंच्या कवट्या रचलेल्या. मठाची दफनभूमी लहान, म्हणून काही काळाने अस्थी काढून इथे ठेवायची पद्धत पडली.

पायऱ्यांची वाट वर चढून फर्श इलियास नावाच्या खोलगट सपाटीवर येते. एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने पळून होरेब डोंगरावर (सिनाईचंच दुसरं नाव) आला आणि गुहेत राहिला, ती ही जागा असं मानतात. तिथे विहीर आहे, छोटं प्रार्थनाघर आहे आणि शेकडो वर्षांचं एक सुरूचं झाड. सगळीकडे नुसता दगड बघत आल्यावर ते झाड दिसतं तेव्हा बहुतेक जण आपोआप थांबतात. तिथून थोडं वर उंटांची वाट येऊन मिळते आणि शेवटच्या ७५० पायऱ्या सगळ्यांना पायीच चढाव्या लागतात. उंट तिथेच थांबतो.

माथ्यावर १९३४ मध्ये बांधलेलं पवित्र त्रैक्याचं छोटं चर्च आहे, सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेल्या चर्चच्या अवशेषांवर, त्याचेच दगड वापरून उभारलेलं. काही पावलांवर एक लहानशी मशीद. दोन्ही त्याच कातळावर.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. या डोंगराची राखण करणारे लोक म्हणजे जबालिया बेदुईन. जस्टिनियनने मठ बांधला (साधारण ५४८ ते ५६५) तेव्हा त्याच्या रक्षणासाठी आणि सेवेसाठी काही कुटुंबं इथे आणून वसवली, त्यांचे हे वंशज. पुढे ते मुसलमान झाले, पण मठाशी नातं तुटलं नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स साधूंचा मठ आणि त्याची कामं, बागा, वाटा सांभाळणारे मुसलमान बेदुईन अशी ही जोडी चौदाशे वर्षं टिकली आहे. वाटाड्या घेतल्याशिवाय तसंही डोंगरावर सोडत नाहीत. पण रात्रीच्या गर्दीत तो वाटाड्या म्हणजे पुढे चालणारी एक बॅटरी होऊन बसतो. त्याच्याशी धड बोलणंही होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: पायथ्याच्या अल-मिलगा गावात उतरा. बेदुईनांचे साधे कॅम्प आहेत, मठाचं अतिथिगृह आहे. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पायऱ्यांच्या वाटेने चढायला लागा. सूर्योदयाची गर्दी तोवर उतरू लागलेली असते, आणि नऊ-दहाच्या सुमारास माथ्यावर मोजकी माणसं उरतात. उंटांच्या वाटेने सावकाश उतरा. मठ तिसऱ्या दिवशी सकाळी. तो फक्त सकाळी काही तास उघडतो, शुक्रवारी आणि रविवारी सहसा बंद असतो, तेव्हा वार बघूनच बेत आखा.

विचारा, माहीत आहे ते सांगेन.

---

नवखा_कोथरूड

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. आईबाबांना नेता येईल का? बाबांचे गुडघे दुखतात. आणि वर खाण्यापिण्याचं काय, सगळं पाठीवर न्यायचं का?

---

रानवाटा

@नवखा_कोथरूड, बाबांसाठी उंटांचीच वाट, चढताना आणि उतरतानाही. पायऱ्यांनी उतरणं दुखऱ्या गुडघ्यांना अजिबात झेपणार नाही. उंटावर बसवलंत तर चढ निभेल. उतरताना मात्र उंटापेक्षा पायी बरं, कारण पुढे झोक जातो आणि मांड्या-पाठ अवघडते. शेवटच्या ७५० पायऱ्या नको वाटल्या तर फर्श इलियासपर्यंत जाऊन परतण्यातही कमीपणा काही नाही. उलट मला तीच जागा माथ्यापेक्षा जास्त आवडते.

वाटेत बेदुईनांच्या दगडी टपऱ्या आहेत. चहा, बिस्किटं, पाणी मिळतं, वर थंडीला घोंगड्या भाड्याने मिळतात. तरी माणशी दोन लिटर पाणी स्वतःजवळ असू द्या.

जेवणाचं विचाराल तर गावात फराशीह नक्की खा. पातळ पोळी, उपड्या लोखंडी कढईवर भाजतात. बाई हाताच्या पंजांवर ती अशी झुलवत मोठी करते की आपल्याकडच्या खापरावरच्या मांड्यांची आठवण यावी. सोबत बकरीच्या दुधाचं चीज आणि गोड चहा, त्यात रानातला हबक म्हणजे पुदिन्याच्या जातीचा पाला घालतात. वाटाड्याबरोबर रानात मुक्काम झाला तर लिब्बा मिळेल. ती जाड भाकरी थेट निखाऱ्यांच्या राखेत पुरून भाजतात, मग फडक्याने झटकून राख काढतात आणि मोडून वाटतात.

---

पापडीची_पोर

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर मला वेगळं म्हणायचंय.

आमच्या वसईच्या धर्मग्रामांतून पवित्र भूमीच्या यात्रा निघतात. इजिप्त, जॉर्डन, इस्राएल असा मार्ग असतो. बस रात्रीचीच असते, कारण पुढचा टप्पा गाठायचा असतो आणि लोकांनी वर्षानुवर्षं पैसे साठवून ही एकच यात्रा करायची असते. माझी आई अशाच एका गटाबरोबर सीनाय चढली. उंट केला, शेवटच्या पायऱ्या दोघींच्या आधाराने, हातात जपमाळ. वर पोचल्यावर गारठून गेलेल्या त्या बायकांनी मराठीत गायन केलं. शेजारी कोरियन गट होता, त्यांनी त्यांच्या भाषेत गायलं. आई आजही त्या पहाटेबद्दल बोलते तेव्हा सूर्योदयाचं नाव फारसं घेत नाही. अंधारात एकामागे एक चालत जाताना केलेली प्रार्थना तिला आठवते.

ज्याच्यासाठी ती यात्रा आहे त्याच्यासाठी रात्रीची रांग हाच तिचा गाभा असू शकतो. मोशेही काही एकटा नव्हता, खाली सगळा समाज उभा होता.

---

रानवाटा

@पापडीची_पोर ताई, हे अगदी मान्य. रात्री यात्रेला जाणाऱ्या भाविकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलातून 'उंट, डोंगर, सूर्योदय' असं एकत्र विकलं जातं, ते मला खटकतं. स्पीकर लावून वर गाणी वाजवणारे त्यातूनच येतात आणि तुमच्या आईसारख्यांची प्रार्थना तेच मोडतात. आईंना माझा नमस्कार सांगा.

तुमच्यासाठी एक गोष्ट. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू बाई युरोपच्या पश्चिम टोकाकडून इथवर आली. तिने लॅटिनमध्ये लिहून ठेवलेलं प्रवासवर्णन बऱ्याच अंशी टिकलं आहे. डोंगर भिंतीसारखा सरळ चढावा लागतो, खोगिरावर बसून जाता येत नाही, पायीच जावं लागतं, असं ती लिहिते. तेव्हा ना मठाची तटबंदी होती ना उंटांची वाट. माथ्यावरच्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थना झाल्यावर तिथल्या साधूंनी तिला डोंगरात पिकलेली फळं प्रसाद म्हणून दिली. त्या फळबागांची परंपरा अजून चालू आहे. जबल मूसाच्या पलीकडच्या वादींमध्ये दगडी कुंपणांच्या आत जबालियांच्या बागा आहेत: बदाम, जर्दाळू, डाळिंब, अंजीर, द्राक्ष. विहिरीचं पाणी आणि हिवाळ्यातला थोडा पाऊस यांवर त्या जगतात.

---

कातळ

दगडांवर कुणीच बोललं नाही म्हणून मी.

तिथला ग्रॅनाइट ६० कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा. म्हणजे नऊ पट जुना. शिवाय लाव्हा थरावर थर साचून आपले डोंगर झाले. तिथे बराचसा खडक जमिनीखाली सावकाश थिजला आणि वरचं सगळं झिजल्यावर उघडा पडला. म्हणून आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांचे कडे दिसतात आणि तिथे गोल खांद्यांचे, उभ्या भेगांचे सुळके. लाल ग्रॅनाइट चिरत जाणाऱ्या काळ्या भिंतींकडे बघा. भेगांत घुसून थिजलेला लाव्हा आहे तो, डाइक म्हणतात.

वाटेवर बेदुईन मुलं दगड विकतात. त्यात फोडलेल्या चिरांवर काळ्या नेच्याच्या पानासारखी नक्षी असते. यात्रेकरूंना त्यात मोशेला दिसलेलं जळतं झुडूप दिसतं. ते मँगेनीजचं काम आहे. भेगेत झिरपलेल्या पाण्यातून मँगेनीजचे क्षार साचत जातात आणि फांद्यांसारखे पसरतात. झाडपाल्याचा जीवाश्म नव्हे. मुलाने हातात ठेवलेला दगड उन्हात तिरका धरून बघा, मधल्या देठापासून फाटे फुटत फुटत अगदी केसाइतके बारीक होत गेलेले दिसतात. विकत घ्या किंवा घेऊ नका, पण संरक्षित क्षेत्र आहे, स्वतः काही उचलून आणू नका.

आता वादाचा मुद्दा. बायबलमधला सिनाई हाच, असं पुरातत्त्वाने सिद्ध झालेलं नाही. जवळच्या वादी फैरानवरचा जबल सर्बाल (सुमारे २,०७० मीटर) हा जुना दावेदार. गेल्या काही दशकांत सौदी अरेबियाच्या वायव्येकडच्या जबल अल-लौझचं नाव समाजमाध्यमांवर जोरात फिरतं. त्या दाव्याला पुरातत्त्वाचा आधार नाही, 'जळालेला काळा माथा' म्हणून जे व्हिडिओ दाखवतात तो नैसर्गिक काळा खडक आहे. जबल मूसाच्या बाजूने आहे ती चौथ्या शतकापासूनची अखंड परंपरा.

---

अश्दोद_अलिबाग

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी, मूळचे आम्ही अलिबाग तालुक्यातले, आता अश्दोदला. वरच्या वादात आमची बाजू सांगते.

यहुदी परंपरेत सिनाई नेमका कुठला हे शोधण्याची ओढ फारशी नाहीच. तोरा (आमचा धर्मग्रंथ) तिथे मिळाली, याहून मोठं काही नाही, पण डोंगरावर यात्रा भरत नाही. तोरातच लिहिलं आहे की डोंगराला कुणी स्पर्श करू नये, आणि शिंगाचा दीर्घ नाद झाला की मग वर चढावं. आमचे रब्बी यातून असं काढतात की पावित्र्य त्या घटनेपुरतं होतं. नाद संपला आणि डोंगर पुन्हा डोंगर झाला. दुसरी एक जुनी कथा आहे. सगळे उंच डोंगर मोठेपणा मिरवत होते, देवाने त्यातून मुद्दाम सिनाई निवडला, कारण तो लहान आणि नम्र होता. त्यामुळे २,२८५ की २,०७० या मोजमापात आमच्या आजीला रस वाटला नसता.

एलियाहूचं, म्हणजे वरच्या एलीया संदेष्ट्याचं, मात्र वेगळं. आम्हा कोकणातल्या बेने इस्राएलांची एलियाहू हनाबीवर जी श्रद्धा आहे ती जगातल्या दुसऱ्या यहुद्यांना समजावून सांगावी लागते. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावर खुणा आहेत, एलियाहू रथातून आकाशात गेला तेव्हाच्या त्या, असं मानतात. इस्राएलहून लोक आजही तिथे येतात, नवस फेडतात, मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सुका मेवा, वर फळं, आणि एलियाहूचं गाणं म्हणून मग वाटायचा. फर्श इलियासबद्दल वाचलं आणि वाटलं, त्या गुहेपाशी मलिदा नेणारी मीच पहिली असेन बहुधा. एलियाहूला देव वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात नाही, आगीतही नाही, त्यानंतरच्या अगदी हलक्या आवाजात भेटला, तो प्रसंग या होरेबवरचाच. रानवाटांना माथ्यापेक्षा ती सपाटी आवडली हे वाचून बरं वाटलं.

---

मिरजेचा_स

सलाम सगळ्यांना. अश्दोदच्या ताईंचा प्रतिसाद परत परत वाचला.

आमच्याकडे हा डोंगर 'तूर' म्हणून लहान पोरालाही ठाऊक असतो. कुराणात एका सूरहचं (अध्यायाचं) नावच अत-तूर आहे. अत-तीन या छोट्या सूरहमध्ये अंजीर, जैतून, तूर-ए-सिनीन आणि मक्का शहर यांची शपथ आहे, ती नमाजात कितीदा म्हटली जाते. त्यामुळे माथ्यावरची मशीद काही पाहुणी नाही. मठाच्या तटाच्या आतही एक मशीद आहे, फातिमी काळातली, चर्चच्या घंटाघराला लागूनच तिचा मिनार. मठात पैगंबरांच्या नावाचं एक संरक्षणपत्र आहे, त्यावर हाताच्या पंजाचा ठसा. साधूंना त्रास देऊ नये, त्यांच्या इमारतींना हात लावू नये, असा त्याचा आशय. मूळ पत्र १५१७ मध्ये सुलतान सलीम पहिला याने इस्तंबूलला नेलं आणि मठाला नक्कल दिली, असं मठाची परंपरा सांगते. पत्राच्या अस्सलपणावर अभ्यासकांत वाद आहे. पण शतकानुशतकं सुलतानांनी ते मानलं आणि मठ वाचला, हे तर इतिहासात आहेच.

तुलनेसाठी जबल अल-नूरचा अनुभव. मक्केजवळचा हा डोंगर फक्त ६४२ मीटर, पैगंबरांना पहिला संदेश मिळाला ती हिरा गुहा त्याच्या माथ्याजवळ. उमराहला (हजखेरीजची मक्केची यात्रा) गेलो तेव्हा फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज करून चढलो. उंची कमी, पण पायऱ्या उभ्या आणि दगड रात्रीही तापलेला. ही चढाई हजच्या विधींत येत नाही, तिथे तसे फलकही आहेत, तरी माणसं येतात. म्हातारे हाजी दहा पायऱ्या चढून बसतात, परत दहा चढतात. गुहेत एका वेळी मोजकीच माणसं मावतात, आणि आत शिरायला बाहेर जी दाटी होते तिथे खरी सबुरी लागते. रानवाटांनी सांगितलेली उजाडल्यावर चढायची युक्ती मक्केत चालणार नाही. तिथे नऊ वाजता दगडाला हात लावता येत नाही.

---

पानोपानी

मठाच्या ग्रंथालयाबद्दल कुणी लिहिल का? सामान्य पर्यटकाला बघता येतं?

---

कातळ

ग्रंथालय अभ्यासकांसाठी. पर्यटकांना मठातल्या छोट्या संग्रहालयात निवडक हस्तलिखितं आणि प्रतिमा बघायला मिळतात. तीन हजारांहून अधिक हस्तलिखितं आहेत, ग्रीक, अरबी, सिरियाक, जॉर्जियन वगैरे. कातड्यावरचा जुना मजकूर खरवडून त्यावर नवीन लिहिलेली पानं विशेष, कारण अलीकडे वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात फोटो काढून खालचा पुसलेला मजकूर वाचता येऊ लागला आहे.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे चौथ्या शतकातलं ग्रीक बायबल, कोडेक्स सिनाइटिकस. टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन विद्वानाने १८४४ मध्ये त्याची काही पानं नेली, १८५९ मध्ये मोठा भाग रशियाच्या झारकडे पोचवला. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने तो १,००,००० पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. मठ आजही म्हणतो की ग्रंथ उसना दिला होता. १९७५ मध्ये मठातच एक बंद खोली उघडली तेव्हा आणखी काही पानं सापडली, ती तिथेच आहेत.

संग्रहालयात ख्रिस्ताची सहाव्या शतकातली मेणरंगातली प्रतिमा चुकवू नका. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी प्रतिमा फोडायचा हुकूम काढला तेव्हा सिनाई मुस्लिम राज्यात होता, तो हुकूम तिथे पोचलाच नाही, म्हणून ती वाचली.

---

मुक्ता_बंगळुरू

एकट्या बाईने जावं का, असं मला व्यक्तिगत निरोपांत विचारलंय, इथेच उत्तर देते. मी दहाबहून गेले. शर्मपेक्षा दहाब जवळ, गाडीने दोन-अडीच तास. वाटेत तपासणी नाके लागतात, पासपोर्ट जवळच ठेवा. उत्तर सिनाईत जाऊ नका असे इशारे असतात ते बरोबर आहेत, पण सेंट कॅथरीन दक्षिणेत आहे. निघण्यापूर्वी आपल्या दूतावासाची ताजी सूचना वाचा.

माझा वाटाड्या वयस्कर होता, पायात साध्या चपला. मी बुटांत धापा टाकत होते आणि तो मात्र पुढे जाऊन एखाद्या दगडावर बसून वाट बघायचा. जवळ गेले की उठायचा, माझ्या श्वासाकडे कान देऊन पुन्हा बसायचा. एकदाही 'चला' म्हणाला नाही. मठात आणि गावात खांदे-गुडघे झाकणारे कपडे, डोक्याला ओढणी असलेली बरी. त्रास म्हणाल तर उंटवाल्यांचा आग्रह, तो 'ला, शुक्रन' म्हटलं की थांबतो.

पक्षीवाल्यांसाठी: मठाजवळ काळ्या पंखांत केशरी झळक असलेल्या ट्रिस्ट्रमच्या साळुंक्या शिट्ट्या घालत हिंडतात. गुलाबी सिनाई फिंचही दिसला. जगातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक, सिनाई बॅटन ब्लू, फक्त याच डोंगरांत आहे. त्याच्या अळ्या इथल्या रानओव्यासारख्या वासाच्या एकाच झुडपावर वाढतात. म्हणून वाट सोडून झुडपं तुडवत जाऊ नका, अगदी फोटोसाठीसुद्धा.

---

नवखा_कोथरूड

तिथे मोठी हॉटेलं होतायत असं वाचलं. ते कुठवर आलंय? आत्ताच जाऊन यावं का?

---

रानवाटा

@नवखा_कोथरूड, हे लिहायचं टाळत होतो, पण तुम्ही विचारलंत.

इजिप्त सरकारने काही वर्षांपूर्वी तिथे 'ग्रेट ट्रान्सफिगरेशन' नावाचा मोठा पर्यटन प्रकल्प हाती घेतला. हॉटेलं, बंगले, अभ्यागत केंद्र, विमानतळाचा विस्तार. हा भाग २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने पुढचं बांधकाम थांबवून परिणाम तपासा असं सांगितलं. गावातल्या बेदुईनांची घरं पाडली गेल्याच्या बातम्या आल्या. मे २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने मठाच्या जमिनीची मालकी सरकारची आणि साधूंना वापराचा हक्क असा निकाल दिला, त्यावर ग्रीसमध्ये बराच क्षोभ झाला. सरकार म्हणतं, मठाच्या पावित्र्याला धक्का लागणार नाही.

मला मठाची काळजी आहे, पण त्याच्या पाठीशी ग्रीस आहे, जगभरची चर्चेस आहेत. जबालियांच्या मागे कोण? ज्यांच्या घराण्यांनी चौदाशे वर्षं त्या वाटा सांभाळल्या त्यांचं मत या आराखड्यात कुठे दिसत नाही. हॉटेलात उतरणारा पाहुणा त्यांच्या अंगणात चहा प्यायला येणार नाही, हॉटेलचीच गाडी त्याला पायथ्याला सोडेल. सिनाई ट्रेल नावाची लांब पल्ल्याची पायवाट २०१५ मध्ये बेदुईन टोळ्यांनीच मिळून उभी केली, आज ती ५५० किलोमीटरची आहे आणि आठ टोळ्या आपापल्या मुलखातला टप्पा सांभाळतात. एका टोळीची हद्द संपली की वाटाड्या बदलतो. पर्यटन असं असू शकतं, आणि ते तिथल्या लोकांनी आधीच करून दाखवलंय.

तेव्हा जाऊन या, आणि पैसे गावात पडतील असं बघा. कॅम्प बेदुईनाचा, वाटाड्या जबालिया, जेवण गावात, जमलं तर बागेतले बदाम विकत.

---

पापडीची_पोर

आमच्या पुढच्या यात्रेच्या आयोजकांना हा धागा पाठवला. गावात एक रात्र मुक्काम बसवता येतो का बघतायत. चाळीस माणसांची सोय होईल का?

---

रानवाटा

एका कॅम्पात चाळीस अवघड, दोन-तीन कॅम्पांत विभागून होईल. मठाच्या अतिथिगृहात ज्येष्ठांना ठेवा, खोल्या साध्या पण उबदार आहेत, आणि आधी कळवावं लागतं. मार्च अखेर ते एप्रिल किंवा ऑक्टोबर बघा. रमझान येत असेल तर वाटाडे दिवसभर निर्जळी चालतात, तेव्हा चढाई पहाटेच ठेवा, म्हणजे उन्हाआधी ते खाली येतील. मोठा गट तिथे तीन-चार वाटाड्यांत वाटून देतात, तेव्हा हळू चालणाऱ्यांचा गट वेगळा करायला आधीच सांगून ठेवा. तारखा ठरल्या की मला निरोप टाका.